टेम्पोत न बसण्याची पैज

उचगावात, माझ्या माहेरी, भावकीचं कधी कशावर एकमत होत नाही. फक्त मी हट्टी आहे यावर झालेलं आहे. लग्न करून शहरात, मंगळवार पेठेत आले तेव्हा सासरच्यांनाही हे कळायला फार दिवस लागले नाहीत. लग्न आमचं प्रेमाचं. मी म्हशींच्या गोठ्यात वाढलेली शेतकऱ्याची पोर. नवरा ख्रिस्ती, लेथ मशीनवर काम करणारा, स्वभावाने लोणी. नोंदणी करून लग्न झालं. माझ्या धर्माचं पुढे काय, हे त्याने कधी विचारलं नाही. दुसरं कुणी विचारायच्या आत मीच जाहीर करून टाकलं, की मला आतून पटलं तर मी बाप्तिस्मा घेईन, नाही पटलं तर नाही, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

कुणी बोललं नाही. मला पटलंही नाही. दर रविवारी नवऱ्याबरोबर चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला जात होते, शेवटच्या बाकावर बसत होते. गाणी पाठ झाली. नाताळला करंज्या करून अख्ख्या गल्लीत वाटायला लागले. पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे उठायचे तेव्हा मी पाय आखडून बाकावर बसायची, आणि शेजारच्या बायका माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे जायच्या. डोळे मिटले की डोक्यात कुकर लावायचा राहिला का हेच यायचं. समोर कुणी ऐकतंय असं एकदाही वाटलं नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं, आणि भिंतीशी बोलायची मला सवय नाही.

त्यात दोन्हीकडून बोलणी. माहेरच्या बायका म्हणायच्या, "आता तू तिकडचीच की." चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "मग कधी घेताय बाप्तिस्मा?" मी ना इकडची ना तिकडची, आणि दोन्हीकडच्यांना वाटायचं की मी पलीकडची आहे. याचा मला इतका राग यायचा की एका रविवारी मी मिस्सा संपल्यावर तडक फादरांकडे गेले. आमचे फादर वयस्कर, किनारपट्टीकडचे, हळू बोलणारे. त्यांना म्हटलं, "फादर, तुम्ही मला विचारणार श्रद्धा आहे का, मी हो म्हणणार, आणि आत काहीच नसणार. असलं खोटं मला जमणार नाही."

"मग थांब," ते म्हणाले.

"किती वर्षं थांबू?"

ते खिडकीतून बाहेर बघत बसले. अंगणात काही माणसं यात्रेची तयारी करत होती. जुन्या गोव्यात एका संताचा देह ठेवलेला आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचं फेस्त, म्हणजे जत्रा असते. त्यासाठी सावंतवाडीकडून, बेळगावकडून, आजऱ्याकडून लोक चालत जातात. आमच्या चर्चमधूनही थोडीशी मंडळी दर वर्षी निघतात. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि पुढे गोवा. बरोबर एक टेम्पो असतो. त्यात अंथरुणं, भांडी, कांदे-बटाटे, आणि ज्याचे पाय बोलायला लागतील तो माणूस. टेम्पोत बसण्यात कुणाला काही वाटत नाही. बसतात, उतरतात, पुन्हा चालतात.

"फादर, मी जाते यांच्याबरोबर," मी म्हटलं. "इथून तिथवर चालत. टेम्पोत एकदाही न बसता पोचले, तर देवाला मी हवी आहे असं समजेन आणि बाप्तिस्मा घेईन. बसले, तर विषय संपला. मग कुणी मला पुन्हा विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा."

फादर हसले. "म्हणजे देवाने आता रस्ताही नीट ठेवायचा?"

"ठेवू दे की."

"देवाशी पैज लावू नये गं," ते म्हणाले. मी ऐकलं असतं तर मी उचगावची कसली.

निघायच्या दिवशी पहाटे मी उंबऱ्याशी पायताणं काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. आमच्याकडे देवाला चालत जायचं म्हणजे अनवाणीच जायचं. माझी आई जोतिबाला अनवाणी गेलेली, आत्या गेलेली, मी लहानपणी पौर्णिमेला गेलेली. पायात घालून देवाला चालत जाणं म्हणजे नुसतं फिरायला जाणं. त्यात विचारण्यासारखं काय होतं? नवऱ्याने पायताणांकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, बायको इतके दिवस बाहेर चालली म्हणून गलबलला असेल.

चर्चच्या दारात सगळे जमले होते आणि सगळ्यांच्या पायात बूट होते. मला वाटलं, शहर ओलांडल्यावर काढतील. आमच्या घोळक्याची म्होरकी होती एक मावशी. मूळची आजऱ्याकडची, आमच्याच पेठेत ब्लाउज शिवून पोट भरणारी, सत्तरीला टेकलेली विधवा बाई. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात मोजे आणि कॅनव्हासचे पांढरे बूट. ती इतकी वर्षं ही वाट चालत आली होती आणि टेम्पोत कधी बसली नव्हती, हे मला पहिल्या अर्ध्या तासात तीन जणांनी सांगितलं. मावशीने माझ्या पायांकडे एकदा पाहिलं, स्वतःशीच मान हलवली आणि "चला," म्हणाली.

हायवेला लागायच्या आधी उचगावला आबा रस्त्यावर उभे होते. माझे वडील. शेजारी किटली आणि पेले. ते या सगळ्याबद्दल कधी फार बोलले नव्हते. चर्चमध्ये तर त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण पोरगी चालत निघाली आणि दारावरून उपाशी गेली असं त्यांना चाललं नसतं. "घ्या पावणं, दूध घ्या. गरम हाय," असं म्हणत त्यांनी सगळ्यांच्या हातात पेले दिले. मग माझ्या पायांकडे बघून थांबले.

"अनवाणी?"

"व्हय."

"बरं केलंस. चालायचं तर असंच चालायचं." आणि बाकीच्यांच्या बुटांकडे त्यांनी असं काही पाहिलं, की मला माझ्या बापाचा अभिमान वाटला.

कागलच्या पुढे कुणी बूट काढले नाहीत. निपाणीतही काढले नाहीत. ऊसतोडीचे दिवस. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यातून सांडलेली कांडकी रस्त्याच्या कडेला चिरडून पडलेली. त्यांच्या सालपटांना सुरीसारखी धार येते हे पायात काही नसल्याशिवाय कळत नाही. सकाळी डांबर बर्फ, दुपारी तवा. निपाणीत हवेला तंबाखूचा वास होता आणि मला शिंकांवर शिंका येत होत्या, तेही लंगडत चालताना. पुढे रस्त्यालगतच्या पाट्या कन्नड झाल्या. मी पाट्या वाचत नव्हते. मी पुढे चालणाऱ्यांचे बूट बघत होते आणि मनातल्या मनात एकेकाला झोडपत होते. काय ही भक्ती, काय हे लोक! जपमाळ हातात आणि पायात स्पंजाचे तळवे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी खरोखरच पायापासून निघून डोक्यापर्यंत पोचली होती.

आणि गंमत अशी की लोक माझ्याशी फार अदबीने वागायला लागले. मुक्कामाला पोचलं की मला आधी चहा. झोपायला भिंतीकडची जागा. एका बाईने तर माझ्या हाताला हात लावून तो कपाळाला नेला. मी म्हटलं, यांना लाज वाटत असणार, स्वतः बूट घालून चालतात म्हणून. वाटू दे.

प्रार्थनेच्या नावाने मात्र शून्य. सगळे चालता चालता रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना म्हणायचे, एक पुढचा भाग, बाकीचे मागचा. शब्द मला येत होते, मीही म्हणत होते. पण माझं सगळं ध्यान पुढचं पाऊल कुठे टाकायचं यावर. देवाशी माझं एवढंच बोलणं होत होतं, की बघ, मी अजून टेम्पोत बसलेली नाही.

गडहिंग्लजला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. तिथल्या चर्चच्या व्हरांड्यात अंथरुणं टाकली होती. मी खांबाला टेकून बसले आणि पाय सरळ केले. तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते, टाचेत एक उसाचं कुसळ रुतून बसलं होतं. तेवढ्यात मावशी घमेलं घेऊन आली. कोमट पाणी, त्यात मीठ. माझ्यासमोर फरशीवर बसली आणि काही न विचारता माझा एक पाय उचलून त्या पाण्यात ठेवला.

मला एकदम संकोच झाला. आईच्या वयाची बाई माझ्या पायाला हात लावते म्हणजे काय! मी पाय ओढून घेतला. तिने पुन्हा धरला. तिच्या हातात जोर होता.

"गप बस," ती म्हणाली. मग चिमट्याने कुसळ काढता काढता विचारलं, "पोरी, एक इचारू? रागवू नगंस. कसला नवस बोललीयास गं, एवढा अनवाणी चालायचा? कोन आजारी हाय का घरात?"

"कसला नवस?" मी म्हटलं. "नवस-बिवस काही नाही. यात्रेला अनवाणीच चालायचं असतं ना?"

मावशीचा हात थांबला. आजूबाजूला बोलत असलेल्या बायकाही थांबल्या.

"कोन म्हणलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? देवाला असंच जातात. तुम्हीच सगळे बूट घालून चाललाय. मी कागलपासून वाट बघतेय, आता काढाल, मग काढाल."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड हळूहळू वाकडं व्हायला लागलं. मला वाटलं रडते की काय. ती हसत होती. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, मग ती हसत हसत घमेल्यावर वाकली आणि सगळा व्हरांडा हसायला लागला. आमच्याबरोबर चालणारे एक पोक्त गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "आम्ही रोज तुझ्यासाठी रोजरीत एक प्रार्थना घालतोय गं, बाईचा एवढा कडक नवस पार पडू दे म्हणून."

मी चिडले. चांगलीच चिडले. "मग मला कुणी सांगितलं का न्हाय? पाय फुटले माझे इकडं!" रागात माझी भाषा सरळ उचगावला जाते.

"आता तुझं नि देवाचं काय ठरलंया, त्यात आमी कशाला त्वांड घालावं?" मावशी म्हणाली.

आणि तेव्हा मलाही हसू आलं. मी त्यांना मनात शिव्या देत होते आणि ते माझ्यासाठी प्रार्थना करत होते. मी समजत होते यांना भक्ती नाही; ते समजत होते मी कुणी संतीण आहे. माझा नवरा, जन्माचा ख्रिस्ती, तोही उंबऱ्यात हेच समजून रडला होता. मी फोन करून त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, "पायताणं आणून देऊ का?"

पायताणं आणायची गरज पडली नाही. मावशीने तिचे कॅनव्हासचे बूट काढून माझ्यासमोर ठेवले, पिशवीतून साध्या चपला काढून स्वतः घातल्या. मी नको म्हटलं, आजऱ्याला नवीन घेते म्हटलं. ती म्हणाली, "फुटल्याल्या पायाला नवं पायताण चावतंय. ह्ये मऊ झाल्यात. घाल मुकाट्यानं." दोन मोजे घालून ते मला बरोबर बसले. दुसऱ्या दिवशी आजऱ्याच्या बाजारात मी तिला नवे बूट घेऊन देते म्हणून मागे लागले, तेव्हाही तिचं तेच, की नवं चावतं. घाट उतरायला चपला कशाला घालता, असंही मी म्हटलं. पण दोन हट्टी बायकांत जी वयाने मोठी तिचं चालतं.

मऊ बुटात पाय ठेवल्यावर पहिल्यांदा माझं लक्ष रस्त्यावरून उठलं. आजऱ्याच्या पुढे भाताची खाचरं कापून झाली होती, पेंढ्यांच्या वासाने हवा गोड झाली होती. मावशी माझ्या शेजारून चपला फटफटवत चालत होती. तिला मी माझी पैज सांगितली. फादरांनंतर ती एकटीच, जिला सांगितली.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "आमी गिऱ्हाइकाचं माप घेतो, तसं तू देवाचं माप घ्यायला निघालीस की."

"मग काय करू? मला तुमच्यासारखं आपोआप वाटत नाही."

"मलाबी आपोआप न्हवतं वाटत," ती म्हणाली. "धनी गेल्यावर दोन वर्सं मी चर्चात बसून नुसती भांडायची. बाकी काय न्हाय. पर भांडत का आसंना, बोलत तर हुती त्येच्यासंगं." एवढं बोलून ती पुढे गेली आणि मागे राहिलेल्यांना हाका मारायला लागली.

आंबोलीला धुकं होतं. थंडीने दात वाजत होते. सकाळी घाट उतरायला सुरुवात केली. एका बाजूला डोंगराचा कडा, पाणी झिरपून काळा पडलेला, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि खाली सगळं पांढरं. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. टेम्पो पुढे जाऊन वळणावर थांबायचा. मी मजेत होते. पायांची आग कमी झाली होती, निम्म्याहून जास्त वाट मागे पडली होती, आणि मनात हिशेब पक्का होत चालला होता, की आता काय मला कुणी टेम्पोत बसवत नाही.

एका वळणावर मागून "आई गं" असा आवाज आला. वळून पाहिलं तर मावशी रस्त्यावर बसली होती. ओल्या खडीवरून चप्पल सटकली होती, पट्टा तुटला होता, आणि उजवा घोटा बघता बघता सुजायला लागला होता. आम्ही तिला उचलून कठड्यावर बसवलं. कुणीतरी घोट्याला पंचा बांधला. टेम्पोवाला मागे आला, त्याने मागची फळी पाडली.

"मी चालणार," मावशी म्हणाली. "पाच मिन्टं बसू द्या."

पाच मिनिटांनी ती उठली, पाय टेकवला आणि तिचा चेहरा पांढरा झाला. तरीही एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी आणि आणखी एकीने दोन्हीकडून धरलं नसतं तर ती कोसळली असती. सगळे समजावत होते. ती ऐकेना. "टेम्पोत मला घालायची आसंल तर मेल्यावर घाला," असं म्हणून ती कठडा धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं. इतकी वर्षं सांभाळलेलं एक नाव त्या वळणावर जात होतं. हट्टी माणसाचं दुखणं हट्टी माणसालाच कळतं. आणि तिचा पाय सुजला होता तो माझ्यामुळे. तिचे बूट माझ्या पायात होते.

मी काही फार विचार केला असं नाही. टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला, वर चढले, आणि अंथरुणांच्या ढिगावर जाऊन बसले. हात पुढे केला.

"मावशी, या. मी बसले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं, तुझी पैज..."

"ऱ्हाऊ दे ती. एकटीला लाज वाटतीया न्हवं? मग दोघी बसू. या."

कुणालाच काही कळलं नव्हतं, कारण पैज फक्त तिला ठाऊक होती. ती तशीच बघत उभी राहिली. मग तिने दोन्ही हात वर केले, लहान पोर करतं तसे, आणि आम्ही तिला आत घेतलं.

टेम्पो हळूहळू घाट उतरायला लागला. कांद्याची पोती, काळी झालेली पातेली, गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि त्यात आम्ही दोघी. मावशीचा पाय मी मांडीवर घेतला होता. प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळत होती. मी तो पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि मनात बोलत होते: हे काय केलंस तू? एवढ्या वर्षांची चालणारी बाई, तुझ्याच दारी निघालेली, तिला कशाला पाडलंस? मला पाडायचं होतंस. आता निदान हाड तरी मोडलेलं असू देऊ नकोस. सत्तरीची बाई आहे, शिलाई मशीन पायाने चालवते, खाणार काय? ऐकतोयस का? येशू, ऐकतोयस ना?

आणि मध्येच मी थबकले.

मी कुणाशी तरी बोलत होते. भिंतीशी नव्हे. घरच्या माणसाला धारेवर धरावं तसं मी त्याला धारेवर धरलं होतं, आणि तो ऐकतोय याबद्दल माझ्या मनात एका क्षणाचीही शंका आली नव्हती. इतकी वर्षं तो आहे की नाही याचा पुरावा मागत बसले होते. आणि टेम्पोत चढताना तो पुरावा मागायचंच विसरून गेले होते. पैज हरले होते, आणि मला ते आत्ता आठवत होतं. वाईट वाटतंय का म्हणून मी आत चाचपून पाहिलं. नव्हतं वाटत. मला आनंद झाला होता. इतका, की त्या कांद्यांच्या पोत्यांत बसून मी ढसाढसा रडायला लागले.

"काय झालं गं?" मावशी घाबरली. "तुझ्या पैजंपायी रडतीस?"

"न्हाय," मी म्हटलं. "तो हाय, मावशी. मी भांडले त्याच्याशी."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. घाट उतरेपर्यंत तो हात तसाच होता.

दाणोलीत डॉक्टरांनी पाय पाहिला. हाड शाबूत होतं. शीर ताणली गेली होती. मी टेम्पोतून उतरले आणि पुन्हा चालायला लागले. हे चालणं वेगळं होतं. आधी मी प्रत्येक फर्लांग देवापुढे आपटून दाखवत होते. आता दाखवायचं काही उरलं नव्हतं, तरी पाय थांबत नव्हते. सावंतवाडीच्या बाजारातून गेलो, बांद्याहून गोव्यात शिरलो, वाटेतल्या अनोळखी घरांनी ताक दिलं, पेज दिली. चालताना मी रोजरी म्हणत होते आणि मध्येच सोडून स्वतःच्या शब्दांत बोलत होते. नवऱ्याबद्दल बोलले. आबांबद्दल बोलले. गेलेल्या आईबद्दल बोलले, जिच्याबद्दल मी कित्येक वर्षं कुणाशीच बोलले नव्हते. आंबोलीपर्यंत मुकी होते असं म्हणा.

जुन्या गोव्याच्या अलीकडे मावशीने टेम्पो थांबवला. हातात काठी, पायाला जाड पट्टी. "आता उतरवा मला," म्हणाली. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. नदीच्या कडेने रस्ता जात होता, आणि त्यावर माणसंच माणसं. कोकणातली, बेळगावकडची, कारवारकडची. कुणी मेणबत्त्या घेऊन, कुणी पोरं खांद्यावर घेऊन. खाज्यांची दुकानं लागली होती. समोर झाडांच्या वर पांढऱ्या चर्चचे मनोरे दिसले आणि आमच्या घोळक्याने गाणं सुरू केलं. मावशीचा आवाज सगळ्यांत वर. लंगडत, माझ्या खांद्याचा भुगा करत, ती अशी चालली की बाजूची माणसं आपसूक वाट देत होती. मी आयुष्यात कधी इतकी ताठ चालले नसेन, तेही एका माणसाचं ओझं घेऊन.

फादर आदल्या दिवशी एसटीने पोचले होते. दारातच भेटले. त्यांनी मावशीची विचारपूस केली, मग माझ्याकडे वळले.

"काय, आलीस चालत?"

"नाही फादर. घाटात टेम्पोत बसले."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं हे बघून मला त्यांची माया आली. ते हळूच म्हणाले, "मग विषय संपला म्हणायचा."

"संपला. हरले मी. आता बाप्तिस्मा कधी देताय ते सांगा."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मावशी काठीवर रेलून दुसरीकडेच बघत होती. "ईस्टरला," ते म्हणाले.

ईस्टरच्या सकाळी आमचं चर्च भरलेलं होतं. मी या वेळी पहिल्या बाकावर. नवरा शेजारी, मावशी धर्ममाता म्हणून मागे उभी. मिस्सा सुरू व्हायच्या जरा आधी मी वळून पाहिलं तर अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, धुतलेला फेटा बांधून आबा बसले होते. त्यांना मी सांगितलं होतं, पण बोलावलं नव्हतं. बोलवायचा धीर झाला नव्हता. ते मला बघून हसले नाहीत, नुसती मान हलवली.

मग फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुझी श्रद्धा आहे का. उत्तर मला पाठ करवून घेतलेलं होतं, शुद्ध भाषेत, छापलेलं. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. शेतातून बांधापलीकडच्या माणसाला हाक द्यावी तशा आवाजात माझ्या तोंडून निघालं:

"व्हय!"

चर्चमध्ये हशा पिकला. फादरही हसले, आणि हसतच त्यांनी माझ्या कपाळावर पाणी ओतलं. ते केसांतून मानेवर, मानेवरून पाठीवर गेलं. गार होतं. मी रडले नाही. मी मोठ्याने हसत होते.

बाहेर आल्यावर आबा दारापाशी थांबले होते. मी पाया पडले. त्यांनी ओल्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आता काही जड बोलतील.

"शेवटच्या बाकापत्तोर ऐकू आलं," ते म्हणाले.